मिरचीचा खोडवा

डिसेंबर महिन्यात इंग्लंडमधल्या एखाद्या साध्या घरी गेलं, तर मागच्या दाराजवळच्या थंड खिडकीत कधी कधी एक कुंडी दिसते. कुंडीत वीतभर उंचीची, इंग्रजी वाय अक्षरासारखा फाटा फुटलेली एक काटकी. पान एकही नाही. माती वरून कोरडी, साल राखाडी, बुंध्याकडचा भाग लाकडासारखा टणक. पाहुण्याला वाटतं, उन्हाळ्यात मेलेलं रोप टाकायचं राहून गेलं असेल. घरचं माणूस मात्र येताजाता त्या काटकीपाशी थांबतं, नखानं सालीचा एक कण खरवडतं, आत हिरवं दिसलं की समाधानानं आपल्या कामाला लागतं. ती काटकी मिरचीची असते. मार्च उजाडेपर्यंत जिवंत राहणं एवढंच तिचं काम.

मिरचीला थंडी सोसत नाही. पारा दहा-बारा अंशांच्या खाली रेंगाळू लागला की तिची पानं मलूल होतात, मुळं पाणी ओढेनाशी होतात. आणि ज्या रात्री दव गोठतं, त्या रात्री अंगातल्या पाण्याचा बर्फ होऊन सकाळपर्यंत झाड काळं पडतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले की आपल्याकडे त्याची बातमी होते, छायाचित्र छापून येतं, कारण ती अपूर्वाई असते. उत्तर युरोपात ती दरसालची गोष्ट. म्हणून तिथं मिरची हे एका उन्हाळ्याचं पीक मानलेलं. फेब्रुवारीत घरात उबेला बी पेरायचं, मे महिन्यात रोप बाहेर न्यायचं, ऑगस्ट-सप्टेंबरात मिरच्या तोडायच्या, आणि ऑक्टोबरात झाड उपटून खताच्या ढिगावर टाकायचं.

वास्तविक मिरची हे झुडूप आहे आणि झुडपासारखं अनेक वर्षं जगणं तिच्या अंगात आहे. मेक्सिकोपासून अँडीज पर्वतापर्यंतच्या आपल्या मूळ मुलखात ती सालोसाल उभी असते. आपल्याकडेही कोकणात, गोव्यात परसदारी न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली लवंगी मिरची कुणी दरवर्षी नव्यानं लावत नाही. ती असतेच. तिचं खोड बोटाएवढं जाड होतं, पावसात ती माजते, उन्हाळ्यात थोडी सुकते, आणि आमटीला चार मिरच्या हव्यात म्हणून घरातलं कुणी मागच्या दारी गेलं तर रिकाम्या हातानं परत येत नाही. शेतात मात्र आपणही तिला हंगामाचंच माप लावतो. सहा-सात आठवडे रोपवाटिकेत, मग सरीवर लावण, मग एकामागून एक तोडे, आणि तोडे हलके झाले की उपटून नांगरट. झाडाला किती जगता येतं आणि आपण त्याला किती जगू देतो, यांत नेहमीच अंतर पडतं. उत्तरेकडे हे अंतर हिवाळा पाडतो. आपल्याकडे पुढच्या पिकाची घाई.

थंडीतून मिरची जगवणाऱ्या माणसाला हा खटाटोप कशासाठी असं विचारलं, तर तो पहिलं कारण सांगतो ते हिशेबी असतं: पुढच्या साली मिरची लवकर मिळते. हा हिशेब महाराष्ट्रातल्या ऊसवाल्याला समजावून सांगावा लागणार नाही. ऊस तुटून गेला की जमिनीत राहिलेल्या बुडख्यांना फुटवे येतात आणि त्यांच्यावर पुढचं पीक घेतलं जातं, तो खोडवा. लागणीच्या उसापेक्षा खोडवा आधी तयार होतो. बेणं रुजणं, मुळं धरणं, जमिनीत पाय रोवणं हे सगळं आदल्या सालीच होऊन गेलेलं असतं. खालची पुंजी शाबूत असते. वरचं तेवढं नव्यानं उभं करायचं.

बियापासून मिरचीपर्यंतची वाट लांबची आहे. बी उबेत ठेवलं तरी उगवायला आठवडा-दोन आठवडे जातात; हबानेरोसारख्या जाती तर त्याहून जास्त वाट पाहायला लावतात. मग दोन कोवळी बीजपत्रं, मग खरी पानं. एकच सरळ दांडा आठ-दहा-बारा पानं काढत वर चढतो, आणि मग त्याच्या टोकाला पहिली कळी येते. त्या कळीपाशीच दांडा दुभंगतो. दोन फांद्या होतात, प्रत्येकीच्या पुढच्या सांध्यावर पुन्हा एक कळी आणि पुन्हा दोन फांद्या. मिरचीचं सगळं झाड असं फाट्याफाट्यानं वाढत जातं, आणि प्रत्येक फाट्यावर एका मिरचीची शक्यता असते. युरोपातल्या मंद उजेडात पहिल्या फाट्यापर्यंत पोचायला बियाला तीन महिने सहज लागतात.

हिवाळा काढलेल्या काटकीत तो फाटा आधीच असतो. म्हणून तर छाटताना वाय अक्षराचा आकार जपतात. या झाडाला आता वयात यायचं राहिलेलं नाही. मार्चमध्ये सालीखालचे डोळे फुटतात आणि थोड्याच पानांनंतर कळ्या धरतात. शेजारच्या कुंडीतलं यंदाचं रोप अजून आपला पहिला दांडा वाढवत असतं, तेव्हा जुन्या खोडावर पांढरी फुलं आलेली असतात. जिथं खरा उन्हाळा जेमतेम तीन महिन्यांचा, तिथं काही आठवड्यांच्या या आघाडीला मोठं मोल असतं. मिरची झाडावर लाल होणार की हिरवीच दवात सापडणार, ते तिच्यावर ठरतं.

काम सप्टेंबरातच सुरू होतं, आणि त्याची सुरुवात निवडीनं होते. सगळी झाडं आत घेता येत नाहीत; खिडक्या मोजक्या असतात. ज्याची पानं आकसली, ज्याला आपले शेतकरी बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात तसं काही दिसलं, ते झाड कितीही लाडकं असलं तरी सोडावं लागतं. विषाणू झाडाच्या अंगात बसून हिवाळा काढतो आणि वसंतात नव्या रोपांत पसरतो. निवडलं जातं ते निरोगी, मजबूत बुंध्याचं, चवीला मनाजोगं झाड. त्याच्यावरच्या उरल्यासुरल्या मिरच्या, हिरव्या असल्या तरी, तोडून घ्यायच्या. मग कात्री.

ही छाटणी पाहताना मन कचरतं. कमरेएवढं, पानांनी गच्च झालेलं झाड समोर असतं. त्याच्या फांद्या एकेक करून उतरवत पहिल्या-दुसऱ्या फाट्यापर्यंत यायचं आणि राहिलेली पानंही खुडून टाकायची. नाशिककडच्या किंवा तासगावच्या द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी झाल्यावर जो उघडेपणा पसरतो, तो इथं एका कुंडीपुरता उतरतो. त्यानंतर झाड कुंडीतून काढून मुळांची माती झटकायची, कोमट पाण्यात मुळं धुवायची, कडेची बारीक मुळं कापून गोळा लहान करायचा आणि लहान कुंडीत, ताज्या स्वच्छ मातीत बसवायचा. जुनी माती घरात न्यायची नसते; तिच्यात किडींची अंडी असतात, चिलटांच्या अळ्या असतात. कुंडी लहान घ्यायची ती माती लवकर सुकावी म्हणून. थंड, ओल्या मातीत मुळं गुदमरतात आणि कुजतात. जाणती माणसं नवख्याला पहिल्यांदा हेच बजावतात की हिवाळ्यात मिरचीला थंडीइतकंच भय आपल्या हातातल्या झारीचं असतं.

पाणी तोडण्याचा हा भाग आपल्या बागायतदाराला पुरता ओळखीचा. डाळिंबाचा बहार धरताना पाणी बंद करून झाडाला ताण देतात. पानं पिवळी होतात, गळतात, झाड स्वस्थ होतं. मग हलकी छाटणी करून पाणी सोडलं की ते अंगभर फुटतं आणि कळ्यांनी भरतं. मृग, हस्त, आंबे अशी त्या बहारांची नावं. मिरचीचा असा बहार कुणी धरत नाही, पण खिडकीतले चार महिने तिच्यासाठी ताणाचेच असतात.

तरी तिची विश्रांती निराळी आहे. सफरचंदाचं झाड हिवाळ्यात खरोखर झोपतं. पुरेशी थंडी अंगावरून गेल्याशिवाय ते वसंतातही नीट जागं होत नाही, इतकी थंडी त्याच्या जगण्यात मुरलेली. मिरचीच्या वंशाला अशी झोप ठाऊकच नाही. ती फक्त मंदावते. दहा ते पंधरा अंशांच्या अरुंद पट्टीत तिला सांभाळावं लागतं. खाली गेली तर जीव धोक्यात. वर गेली तर ती जागी होते, आणि उजेड नसल्यामुळे पिवळट, लांबुडकी फूट काढत खोडात साठवलेलं पिष्ट उधळून बसते. डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांहूनही लहान, हेलसिंकीचा सहाच्या आत, आणि त्यातही आभाळ बहुतेक वेळा भरलेलं. एवढ्याशा उजेडावर पान पोसणं झाडाला परवडत नाही. म्हणून पानाचा भारच आधी उतरवून ठेवायचा.

त्यामुळे घरातली जी जागा माणसाला नकोशी असते, ती मिरचीला मानवते. न तापवलेली पाहुण्यांची खोली, जिन्यातली खिडकी, काचा लावून बंद केलेला व्हरांडा, गॅरेजचा झरोका. तीन-चार आठवड्यांतून एकदा पेलाभर पाणी, तेही कुंडी उचलून वजन पाहून. खत नाही, कुरवाळणं नाही. काही जण दिवे लावून मिरची वर्षभर हिरवी ठेवतात. फिनलंडमध्ये तर जानेवारीच्या काळोखात जांभळट दिव्यांखाली मिरच्या पिकवणारी हौशी मंडळी आहेत. त्या खोल्यांत शिरलं की डोळे दिपतात, आणि त्यांची मेहनतही मोठी असते. काटकी राखणाऱ्याची मेहनत वेगळ्या जातीची. त्याला हात आवरावा लागतो. रोज पाहायचं आणि बहुतेक दिवस काहीच करायचं नाही, हे बागेवर जीव असलेल्या माणसाला खत घालण्यापेक्षा, खुरपण्यापेक्षा अवघड जातं.

त्यात मावा येतो. माव्याला वाढायला नराची गरज पडत नाही. मादी सरळ जिवंत पिल्लं घालते आणि त्या पिल्लांच्या पोटात जन्मतःच पुढची पिढी आकार घेत असते. बाहेर बागेत ढालकिडे त्याचा फडशा पाडतात, पाऊस त्याला धुऊन काढतो, वारा झोडपतो. खिडकीत यांपैकी कुणीच नाही. एखाद्या अवेळी फुटलेल्या कोवळ्या शेंड्यामागे दोन-चार हिरवे ठिपके दिसतात, आठवडाभर लक्ष गेलं नाही की सगळा शेंडा चिकट होऊन आकसतो. मग बोटांनी चिरडणं, साबणाच्या पाण्यानं फांदी पुसणं, भिंग घेऊन एकेक सांधा तपासणं. लाल कोळी तर त्याहून बारीक. पानामागे जाळी दिसेपर्यंत तो कळतच नाही.

विदर्भातल्या कापूसवाल्याला इथं फरदड आठवेल. कापसाचा नेहमीचा हंगाम सरल्यावरही पाणी देऊन पऱ्हाटी उभी ठेवायची आणि आणखी एखाद-दोन वेचण्या काढायच्या, ती फरदड. चार पैसे जास्त मिळतात. पण त्या उभ्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळीलाही आसरा मिळतो, तिच्या पिढ्या वाढतात आणि पुढच्या हंगामाचं पीक धोक्यात येतं. म्हणून फरदड घेऊ नका, असं कृषी विभाग शेतकऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगत असतो. खोडवा आणि फरदड, दोन्हींत जुनं झाड पुढं नेलं जातं. एकात मुळांची पुंजी पुढं जाते, दुसऱ्यात किडीची. खिडकीतल्या मिरचीबरोबर दोन्ही एकाच कुंडीत घरात येतात. कोमट पाण्यात मुळं धुणारा माणूस त्यांनाच एकमेकांपासून सोडवू पाहत असतो. त्याला झाडाचा गेला उन्हाळा हवा असतो, त्या उन्हाळ्यातली अंडी नको असतात. ते पुरतं कधी साधत नाही. काहीतरी मागोमाग येतंच, आणि त्याच्याशी हिवाळाभर झुंजावं लागतं.

परक्या झाडांना थंडीतून पार नेण्याची धडपड युरोपात जुनी. व्हर्सायच्या राजवाड्याला लागून 1684 ते 1686 या काळात संत्र्यांसाठी बांधलेली दगडी इमारत आजही त्याच कामी येते. लाकडी पेट्यांत वाढवलेली हजारावर झाडं, संत्री, लिंबं, डाळिंबं, कण्हेरी, ऑक्टोबरात तिच्या जाड भिंतींआड जातात आणि मे महिन्यात पुन्हा उन्हात येतात. चौदाव्या लुईला थंडीतही संत्र्याचा बहर हवा होता आणि त्यासाठी वास्तुरचनाकार, माळी, पैसा सगळं हाताशी होतं.

मिरचीला असा महाल मिळाला नाही. कोलंबसाच्या परतीच्या सफरीबरोबर 1493 मध्ये ती स्पेनला पोचली आणि पुढं पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याला. पन्नास वर्षांच्या आत युरोप तिचा मूळ पत्ता विसरलाही होता. जर्मन वैद्य लिओनहार्ट फुक्स यानं 1542 च्या आपल्या वनस्पतिग्रंथात मिरचीची सुंदर चित्रं दिली, पण ती कालिकतची मिरी म्हणून. ती हिंदुस्थानातून आली, अशीच त्याची समजूत होती. 1597 मध्ये लंडनच्या जॉन जेरार्डनं आपल्या ग्रंथात ती लावण्याची रीत सांगितली: घोड्याच्या लिदीच्या गरम वाफ्यात बी पेरायचं, तीन-चार पानांवर रोप आलं की कुंडीत हलवायचं, म्हणजे ऊन जिकडे असेल तिकडे कुंडी उचलून नेता येते. ही सूचना वाचली की लंडनमधल्या होबर्नच्या बागेत उन्हामागे कुंडी घेऊन फिरणारा तो माणूस डोळ्यांपुढे येतो. मिरचीला लागणारी ऊब आपल्या भूमीत नाही, तर निदान ती जिथं जिथं उतरेल तिथं मिरचीला नेऊ, हा विचार सव्वाचारशे वर्षांपूर्वीचा. आजची खिडकी त्याच विचाराची पुढची पायरी.

माणसाच्या कितीतरी आधीपासून हे काम रानात चालत आलेलं आहे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेलगतच्या डोंगरांत चिल्टेपीन नावाची रानमिरची उगवते. वाटाण्याहून लहान, गोल, लालभडक आणि जहाल. रानमिरचीच्या मुलखाची ही उत्तरेकडची हद्द. हिवाळ्यात इथं दव गोठतं. चिल्टेपीन उघड्यावर क्वचितच सापडते. हॅकबेरी, मेस्किट अशा झाडोऱ्याच्या आडोशाला ती वाढते. उन्हाळ्यात ती सावली तिला उन्हापासून राखते आणि थंडीच्या रात्री तेच छत जमिनीची ऊब आभाळाकडे निसटू देत नाही. तिथं तिला पोचवतात पक्षी. जोशुआ ट्युक्सबरी आणि गॅरी नॅबहन या दोघा अभ्यासकांनी 2001 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे उलगडून दाखवलं. थ्रॅशर नावाच्या पक्ष्यांना मिरची तिखट लागत नाही, तिचं बी त्यांच्या पोटातून धडधाकट बाहेर पडतं, आणि ते पडतं त्यांच्या बसण्याच्या झुडपांखाली. उंदरांच्या दातांखाली बी चिरडलं जातं, आणि तिखटामुळे नेमके उंदीरच दूर राहतात. एवढ्यावरही कडाक्याची थंडी पडलीच, तर चिल्टेपीनचा वरचा भाग जळून जातो आणि वसंतात बुडातून पुन्हा फूट येते. तिथं कात्री थंडीच चालवते. 1999 मध्ये कोरोनाडो राष्ट्रीय अरण्याचा एक भाग खास या रानमिरचीसाठी राखून ठेवण्यात आला. लागवडीच्या मिरचीला उद्या कधी नव्या रक्ताची गरज पडली, तर ती या काटक नातेवाइकांकडेच जाईल.

अँडीजमधल्या रोकोटोची कथा आणखी वेगळी. बोलिव्हिया आणि पेरूच्या उंच, गार दऱ्यांत वाढलेली ही मिरची: लवदार पानं, जांभळी फुलं, काळं बी, आणि सफरचंदासारखी गरगरीत, मांसल फळं. पेरूमधल्या अरेकीपा शहरात ती सारण भरून भाजतात आणि ते त्या शहराचं मानाचं पक्वान्न आहे. रोकोटो गारवा सोसते, गोठणं मात्र तिलाही सोसत नाही. तिला मानवलं तर ती दहा वर्षांहून जास्त जगते, माणसाच्या डोक्यावर जाते. युरोपात रोकोटो लावणाऱ्याला पहिल्या सालात फार थोडं हाती लागतं, कारण तिला फळ पिकवायला इतका वेळ लागतो की हंगाम आधी संपतो. ज्याला ती खायची आहे, त्याला तिला हिवाळ्यातून न्यावंच लागतं.

हीच गोष्ट आपल्या ईशान्येकडच्या जहाल मिरच्यांची. बोर्नमथ शहरातल्या एका बांगलादेशी वाणसामानाच्या दुकानात मिळालेल्या नागा मिरचीतून डॉर्सेटमधल्या एका शेतकरी जोडप्यानं निवड करत करत एक वाण घडवलं. डॉर्सेट नागा या नावानं ते 2006 मध्ये बातम्यांत गाजलं. सिल्हेट, आसाम, नागालँड हा या मिरचीचा मुलूख. दमट, लांब, उबदार ऋतू तिच्या रक्तात आहे. इंग्लंडच्या उघड्या बागेत तिला फळ धरेपर्यंत सप्टेंबर येतो. दुसऱ्या सालात मात्र तीच मिरची वेळेवर लाल होते.

परदेशातल्या मराठी घरात हा छंद शिरतो तेव्हा लवकर येणाऱ्या पिकाच्या हिशेबात आणखी काहीतरी मिसळलेलं असतं. हिरवी मिरची तिकडे दुकानात बारमाही मिळते. ठेचा अडत नाही. पण मनात एक विशिष्ट मिरची असते, विशिष्ट ठसका असतो. गावाकडचं बी पिशवीतून न्यावं तर ब्रिटनमध्ये आणि युरोपियन संघात त्यासाठी रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि तो नियम तिथल्या शेतांच्या भल्यासाठी आहे. मग एखादं रोप मनासारखं निघतं. त्याचं बी राखावं, तर मिरचीची फुलं आपसांत संकर करतात. शेजारी ढोबळी फुललेली असेल तर पुढच्या पिढीत तिखट कुठल्या कुठे उतरतं. संकरित वाणाचं बी तर आईच्या वळणावर जाईल याची खात्रीच नसते. तेच झाड जगवलं तर तीच मिरची पुन्हा येते. तोच वास, तीच जाड किंवा पातळ साल, जिभेवर तितकाच उशिरा चढणारा तोच जाळ.

फेब्रुवारी सरताना उजेड वाढतो आणि फाट्याच्या बेचक्यात एखादा डोळा फुगलेला दिसतो. टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा फुगवटा, मग दोन दुमडलेली पानं. मग कुंडी मोठी होते, पाणी वाढतं, पातळ खत सुरू होतं, खिडकी बदलते. सगळ्याच काटक्या जाग्या होत नाहीत. काहींची साल नखाखाली तपकिरी निघते, वाकवल्यावर फांदी कट्‌कन मोडते. तरी लोक घाईनं टाकत नाहीत. वरचा भाग मेला तरी बुडातून फूट येते, हे त्यांनी पाहिलेलं असतं. एप्रिलपर्यंत वाट पाहतात.

बाहेर नेण्याची वेळ ठरवायला जर्मनीत आणि मध्य युरोपात अजूनही संतांच्या तिथ्या पाहतात. 11 ते 15 मे हे दिवस तिथं हिमसंतांचे मानले जातात: मामेर्टुस, पांक्राटियुस, सेर्वाटियुस, बोनिफाटियुस आणि शेवटी थंड सोफी. सोफीचा दिवस जाईपर्यंत कोवळं काही बाहेर लावायचं नाही, अशी जुन्या लोकांची शिकवण. मृग लागला का, वाहन कोणतं आहे, असं विचारत तिफण काढणाऱ्या आपल्या माणसाला हे हिमसंत परके वाटणार नाहीत. सोफीनंतरही मिरची एकदम उन्हात ठेवत नाहीत. काचेआड वाढलेलं पान थेट उन्हात पांढरं पडून भाजतं. पहिले काही दिवस तासभर बाहेर, मग दुपारभर, रात्री आत. कुंड्या पुन्हा हातात येतात, पुन्हा ऊन पाहून हलतात.

आणि मग जून-जुलैमध्ये, गल्लीतल्या बाकीच्या बागांत मिरचीची रोपं अजून पानांतच असताना, जुन्या खोडावर पहिली मिरची तोडायला येते. ती कच्चीच मिठाबरोबर खाणारे आहेत, तेलात परतून भाताबरोबर घेणारे आहेत, आणि पहिली म्हणून लाल होईपर्यंत हात न लावणारेही आहेत.

जुनं खोड किती साल ठेवायचं, याबद्दल एकमत नाही. दुसरं साल भराचं असतं, तिसरंही बहुतेकदा चांगलं जातं. पुढं खोड फार लाकडी होतं, फूट कमी येते, फळं लहान राहतात. काही जण तिथं थांबतात आणि नव्या बियाकडे वळतात. उसातही खोडव्यानंतर निडवा घ्यायचा की रान मोडायचं, हा विचार करावाच लागतो. काही जण पिकाची आशा सोडून त्या जाडजूड खोडाचं बोन्साय करतात: उथळ तबकात वळणदार बुंधा, वर मूठभर पानं आणि त्यांत चार लाल मिरच्या.

काहींची वाट याहून वेगळी. सप्टेंबरात निरोगी फांदीचा बोटभर शेंडा कापून तो पाण्यात किंवा ओलसर मातीत ठेवतात, आणि काही आठवड्यांत त्याला मुळं सुटतात. अशा छाट कलमात जुनी माती मागं राहते, तिच्यातली अंडी मागं राहतात, पण मुळांची पुंजीही मागं राहते, आणि त्या लहानग्याला हिवाळाभर ऊब आणि दिव्याचा उजेड पुरवावा लागतो. आत घेतलेल्या खोडाची मुळं जुनी आणि फांद्या नव्या; छाट कलमाची फांदी जुनी आणि मुळं नवी. झाड दोन्हीकडे तेच. शिवाय कलम देता येतं. एका झाडाची पाच रोपं होऊन पाच घरांत जातात. दोन हिवाळ्यांनंतर मूळ झाड गेलं तरी ते मागच्या गल्लीत कुणाच्या तरी ओट्यावर फळलेलं असतं, आणि तिथून पुन्हा मागून आणता येतं. मग त्याचं वय कुठून मोजायचं, पहिलं बी रुजलं तिथून की शेवटची मुळं फुटली तिथून? बागेतली माणसं या प्रश्नापाशी फार वेळ रेंगाळत नाहीत. सप्टेंबर आला की त्यांच्यापुढे दुसरेच प्रश्न असतात: यंदा कुठलं खोड आत घ्यायचं, कुठल्याचा नुसता शेंडा घ्यायचा, आणि उत्तरेकडच्या त्या रिकाम्या खिडकीत आणखी एक कुंडी मावते का.